भाऊची दुसरी चाकं

भाऊबीजेला भाऊ माझ्याकडे पाचोऱ्याला आला, ती आमची शेवटची भेट. तशी ती दर वर्षीसारखीच झाली. तो खुर्चीच्या कडेवर बसला, दोन करंज्या खाल्ल्या, तिसरी नको म्हणत खिशात घातली. मी ओवाळलं. त्याच्या नखांत काळं ग्रीस होतं. मी बोललेच, 'भाऊबीजेला तरी हात धुऊन यावं माणसानं.' तो हसला, मोरीवर जाऊन पुन्हा हात धुऊन आला, ग्रीस काही निघालं नाही. मग नेहमीचं वाक्य आलं, 'चाल, गाडी आणेल आहे खाली. आईले भेटून ये. उद्या आणून सोडतो.' आणि माझंही नेहमीचं वाक्य गेलं, 'सहामाहीचे पेपर तपासायचेत. येईन मी बसनं.' तो 'बरं' म्हणाला. जिना उतरला. खाली त्याची पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी पेपरांचा गठ्ठा सोडायला घेतला, जो खरं म्हणजे आदल्याच दिवशी तपासून झाला होता.

त्यानंतर महिनाही झाला नाही. मी तिसरीच्या वर्गावर होते, हेडमास्तरांनी शिपायाला पाठवून बोलावून घेतलं. गावाहून, असोद्याहून शेजाऱ्यांचा फोन होता. भाऊ सकाळी केळीच्या बागेत मोटर सुरू करायला गेला आणि तिथंच बसला... उठलाच नाही. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. हेडमास्तर म्हणाले, कुणाची तरी जीप बघतो. मी नको म्हटलं आणि एसटी स्टँडवर गेले. त्या दिवशीही बसनंच गेले मी.

आता या बसचं कारण सांगायला हवं. ते सांगण्यासाठीच लिहायला बसलेय. भावाबद्दल चांगलं लिहिणारे गावात पुष्कळ आहेत. कुणाच्या लग्नाचं सामान त्यानं कसं फुकट वाहिलं, कुणाची मोटर कशी रात्रीतून दुरुस्त करून दिली, ते सगळं खरं आहे. माझ्याकडं जे आहे ते दुसऱ्या कुणाकडं नाही, आणि ते काही फार चांगलं नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना घरात कोठीच्या माळ्यावरून पडले. पापडांचा डबा काढायला चढले होते. डबा शाबूत राहिला, माझा पाठीचा मणका दबला. जळगावच्या डॉक्टरांनी धुळ्याला पाठवलं. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, 'सहा महिने दर आठवड्याला आणा. पण झोपवून आणा, बसवून नाही.' झोपवून म्हणजे कशात? बसमध्ये कोण झोपू देणार? वडील नव्हते, घरातला कर्ता भाऊच, आणि भाऊकडं होती केळी वाहायची जुनी पिकअप. मग मागच्या हौद्यात केळीचा वाळका पाला हातभर जाड पसरला, वर गादी घातली, गादीवर मी, आणि असोद्याहून धुळ्याला निघालो.

केळीच्या गाडीची एक रीत असते. चाकावर लोखंडी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. रस्त्याचा धक्का त्यांनी खायचा. आमच्याकडचे गाडीवाले त्यात आणखी पाटे वाढवून घेतात, टायरात दगडासारखी हवा भरतात, म्हणजे घड जास्त बसतात. अशी गाडी भरलेली असली की शहाण्यासारखी चालते. रिकामी असली की उधळते. आणि मी काही केळीच्या घडांएवढी वजनदार नव्हते. पहिल्या दिवशी गिरणेच्या पुलापर्यंत मी दात आवळून होते, एरंडोलला रडायला लागले, पारोळ्याला भाऊनं गाडी कडेला घेतली. मागं येऊन तो माझ्याकडं बघत उभा राहिला. मला वाटलं, चिडेल. तो हौद्याला धरून खाली बसला आणि गाडीच्या पोटात डोकं घालून कितीतरी वेळ काहीतरी बघत राहिला.

पुढच्या आठवड्यापासून त्यानं गाडी बदलायला घेतली. धुळ्यात दवाखान्यापासून जवळच एकनाथ मिस्तरी म्हणून पाट्यांचं काम करणारा म्हातारा होता. मी दवाखान्यात पाठीला ताण द्यायला वजनं लावून टांगलेली असायचे तेवढ्या वेळात भाऊ त्याच्याकडं गाडी लावायचा. आधी तीन पाटे काढले. उरलेले उकलून गंज खरवडला, मधे ग्रीस भरलं, म्हणजे पट्ट्या एकमेकींवरून सरकतील. मग गाडीचं झुलणं आवरणारे नळे, शॉकप, जुने काढून नवे बसवले. मग पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, असा त्याचा नेम होता. एकदम सगळं बदललं तर गुण कशाचा आला ते कळत नाही, म्हणायचा. दहावीत दोनदा बसलेला माणूस, पण बी.एस्सी.च्या मुलांना कळणार नाही एवढं त्याला हे कळत होतं. आणि गुण आला की नाही हे सांगायचं काम माझं. केबिनच्या मागच्या बाजूला एक छोटी खिडकी होती, तिची काच त्यानं काढून टाकली. खड्डा आला, पूल आला, रेल्वेचं फाटक आलं की खिडकीतून आवाज यायचा, 'सिंधू, लागलं का वं?'

सुरुवातीला मी खरं सांगायचे. मोठा हिसका बसतो, पाठ गादीवरून उचलली जाते आणि मग आपटते. त्यावर त्यानं पाटे काढले. गाडी थांबल्यावरही झुलत राहते, मळमळतं. त्यावर शॉकप आले. भाऊ एकदा एकनाथ मिस्तरीच्या तोंडाकडं बघत उभा राहिला, तेव्हा त्यानं माझ्यासमोरच त्याला सांगितलं होतं, 'मन्हाकडे काय दखस? मांगे झोपेल शे, तिले इचार. तिनी पाठ सांगी तेच खरं.' माझी पाठ सांगेल तेच खरं... एवढा मान मला त्या वयात दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

पण पाटे कमी झाल्याचा एक परिणाम असा झाला की, गाडी आता पूर्वीइतके घड उचलेना. अर्ध्याच्या वर माल घातला की मागून बसायची. व्यापारी दुसऱ्या गाड्यांकडं वळले. कापणीच्या दिवसांत आमची पिकअप दारात उभी असायची आणि येणारे जाणारे विचारायचे, 'प्रभाकर, हे पिकप आहे का पाळणा?' भाऊ हसण्यावारी न्यायचा. कमलवहिनी नव्यानंच घरात आलेली. ती काही बोलायची नाही, पण भांडी जरा जोरात ठेवायची. मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या सगळं ऐकत होते.

बुश बदलले त्या दिवशी परतीच्या वाटेवर भाऊ भारी खुशीत होता. पारोळ्याच्या अलीकडं रस्ता फार उखडलेला होता, तिथं त्यानं मुद्दाम गाडी एका दमात काढली आणि खिडकीतून विचारलं, 'आता?' मी म्हणाले, 'पाळण्यासारखं वाटतं.'

तो शब्द लोकांनी त्याला हिणवायला वापरलेला, मी त्याला बक्षीस म्हणून दिला. वाटलं, केवढी हुशारी केली. तो इतका आनंदला की घरी पोचेपर्यंत खिडकीतून प्रश्न आला नाही. घरी आईला सांगितलं, गल्लीत सांगितलं, पुढच्या वेळी मिस्तरीला सांगितलं, 'सिंधू म्हणते, पाळण्यासारखं!' ज्यांनी चेष्टा केली होती त्यांना तर बोलावून सांगितलं. झालं. त्याच्या लेखी गाडी दुरुस्त झाली. त्यानं हत्यारं पुसून ठेवून दिली.

आणि ते खरं नव्हतं. मोठा हिसका गेला होता, झुलणं गेलं होतं, हे खरं. पण त्यांच्या खाली एक बारीक धक्का होता, तो सुरुवातीपासून तसाच होता. मोठे गेल्यावर तोच एकटा उरला आणि नीट ओळखू यायला लागला. रस्त्यावरचा खडा न् खडा टायरातून थेट मणक्यात यायचा. टाचणी टोचावी तसा, एकदा नाही, धुळ्यापर्यंत नव्वद किलोमीटर. गिरणेच्या पुलावर सांधे किती आहेत हे मी डोळे मिटून सांगू शकले असते. म्हणजे दोष आता पाट्यांत नव्हताच, चाकांत होता; भरल्या गाडीसाठी घेतलेले जाड टायर आणि त्यांतली कडक हवा. मी एवढंच म्हणायचं होतं की, भाऊ, मोठं गेलं, बारीक राहिलंय. त्यानं पुढच्या आठवड्यात ते शोधून काढलं असतं. त्याला आवडलंच असतं ते शोधायला. आज हे लिहिताना मला माझाच राग येतो.

का नाही म्हटलं? आमच्या घरात एक शिस्त होती. आई म्हणायची, 'करणाऱ्याले नाव ठेवू नये.' कुणी वाढलं की भाजी खारट असली तरी खायची, कुणी पांघरूण घातलं की ते आखूड असलं तरी पाय पोटाशी घ्यायचे. करणाऱ्यानं केलं हेच खूप. आणि इथं तर करणाऱ्यानं स्वतःचा धंदा अर्धा केला होता. त्याच्या तोंडावर मी कशी सांगणार की अजून दुखतंय? त्यातून मी स्वतःच्या तोंडानं पाळणा म्हटलेलं. खोटं एकदा गोड झालं की परत घेता येत नाही. खिडकीतून विचारणा व्हायची आणि मी गादीचा कोपरा मुठीत धरून म्हणायचे, 'काई नही लागत, चाल तू.'

पहिल्या दिवसापासून धरून तीन-साडेतीन महिने काढले मी असे. मग एका सोमवारी घरी सांगितलं की डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही, घरीच व्यायाम करा. भाऊ त्या वेळी मिस्तरीकडं होता, त्यामुळं डॉक्टरांचं बोलणं ऐकणारी मी एकटीच होते. सगळे खूश झाले. आईनं पुरणपोळी केली. भाऊनं दोन पाटे परत चढवले, व्यापारी परत आले. मी भिंत धरून चालायला लागले, मग भिंत सोडूनही. पण पाठ डावीकडं कलती राहिली ती राहिलीच. माझ्या शाळेतली मुलं माझी नक्कल करतात ती याच चालीची. चांगली करतात.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊला डॉक्टर धुळ्याच्या बाजारात भेटले. 'बहिणीला अर्ध्यावरच का सोडवलीत? अडीच महिने अजून आली असती तर सरळ झाली असती.' हे त्यानं मला घरी येऊन सांगितलं, दारात उभं राहून, चपला न काढता. मग विचारलं, 'का सोडलं तू?' तेव्हाही वेळ गेली नव्हती, निदान खरं बोलायची. मी खाली बघून म्हणाले, 'कंटाळा आला होता.'

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो 'बरं' म्हणाला आणि परत फिरला. त्यानंतर आमच्यात भांडण कधी झालं नाही, पण सिंधू म्हणून हाक मारणं कमी झालं. मला वाटलं, याच्या मनात बसलं की बहीण आळशी निघाली. आपण धंदा बुडवला आणि हिला कंटाळा आला. वाटू दे, म्हटलं. तुझ्या गाडीमुळं सोडलं हे कळण्यापेक्षा ते बरं. मी डी.एड. केलं, पाचोऱ्याला नोकरी लागली, खोली घेतली. लग्नाचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही, मीही नाही. वर्षातून तीन-चार वेळा भाऊ यायचा, 'चाल, गाडी आणेल आहे' म्हणायचा, आणि मी बसचं वेळापत्रक सांगायचे. एसटीतही पाठ दुखते, उलट जास्तच. पण एसटी माझ्या सख्ख्या भावाची नव्हती. तिच्यात कुणी विचारत नाही लागलं का म्हणून, आणि खोटं बोलावं लागत नाही. बारा-तेरा वर्षं मी हे असं चालवलं. तो प्रत्येक वेळी 'बरं' म्हणून एकटा परत जायचा. याचा त्याला कंटाळा कसा येत नाही, असंच मला वाटायचं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी आणि कमलवहिनी मागच्या पडवीत गहू निवडत बसलो होतो. पिकअप त्याच आठवड्यात नशिराबादच्या एका केळीवाल्यानं नेली होती, घरात चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. मी सहज विचारलं, 'गाडी पूर्ण दिली ना? कोठीत चाकं कशाची पडलीत मग? एवढी चार?' वहिनीनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, 'ती तुमचीच आहेत, सिंधूताई.'

मग तिनं सांगितलं. 'डॉक्टर भेटल्याच्या आठ दिवसांनी यांनी गल्लीतल्या एकाला ड्रायव्हर केलं अन् आपण हौद्यात जाऊन निजले. पाला नही, गादी नही. दोन पाटे परत उतरवले होते, तुमच्या वेळेसारखे. गिरणेच्या पुलावरून धुळ्याच्या दिशेनं पार पारोळ्यापर्यंत जाऊन आले. घरी आले ते जेवले नही. मी विचारलं, काय झालं? तर म्हणे, एवढं लागत होतं तिले, अन् मी खिडकीतून विचारू राह्यलो होतो लागलं का.'

मी सूप माझ्याकडं ओढलं.

मग म्हणे तो धुळ्याला गेला आणि एकनाथ मिस्तरीला सगळं सांगितलं. दोघांनी मिळून दुसरी चाकं जमवली; रिम रुंद, टायर पातळ आणि मऊ, हवा कमी भरायची. मिस्तरीनं बजावलं होतं, या चाकांवर केळी भरू नको, टायर फाटतील. म्हणून भाऊनं दोन जोड ठेवले. एक केळीचा, एक हा. पाचोऱ्याला यायचं ठरलं की आदल्या संध्याकाळी बसून तो केळीची चारी चाकं उतरवायचा, ही चढवायचा, मागचे पाटे कमी करायचा. परत आला की पुन्हा सगळं उलट. वर्षातून तीन-चार वेळा. बारा-तेरा वर्षं. नखांतलं ग्रीस ते होतं, ज्यावरून मी त्याला भाऊबीजेच्या दिवशी बोलले.

'मग सांगितलं का नाही मला?' माझा आवाज चढला होता. मेलेल्या माणसावर चिडायचा हा काय प्रकार, पण चिडले. वहिनी शांतपणे म्हणाली, 'मी किती डाव म्हटलं, सांगून टाका तिले. तर म्हणायचे, सांगितलं की ती पुन्हा पाळण्यासारखं म्हणेल. न सांगता एक डाव बसू दे. उतरल्यावर मी तिचं तोंड पाहीन, म्हणजे मले कळेल.'

मी त्याला ओळखत होते असं मला वाटायचं. त्याचा माझ्यावर राग आहे असं समजत, पुन्हा खोटं बोलावं लागू नये म्हणून मी बारा वर्षं बस पकडली, आणि तो बारा वर्षं चाकं बदलत राहिला, एकदा माझं तोंड बघायला मिळावं म्हणून. दोघांनाही वाटत होतं, आपण दुसऱ्याला जपतोय. त्यानं एकदा विचारलं असतं, किंवा मी एकदाच गाडीत बसले असते... पण चुकले मीच. त्यानं विचारलं होतं. प्रत्येक पुलावर विचारलं होतं.

निघायच्या आधी मी कोठीत गेले. चारी चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली होती, वर पोतं टाकलेलं. पोतं बाजूला करून मी एका टायरवर अंगठा दाबला. अंगठा किंचित आत गेला. भाऊबीजेला पाचोऱ्याला यायच्या आदल्या दिवशी भरलेली हवा असेल ती. वहिनी दारात येऊन म्हणाली, ही चाकं कुणी घेत नही, केळीवाल्याच्या कामाची नहीत, भंगारवाल्याले बोलावू का? मी म्हटलं, राहू द्या.

ती गेल्यावर मी तिथंच चाकाजवळ खाली बसले. पाठ भिंतीला टेकली. 'भाऊ,' मी म्हणाले, 'लागत होतं रे. पहिल्या दिवसापासून लागत होतं.'